युद्धानंतर चलन आणि बाजार परत उभा करायचा आराखडा: कुठली पायरी आधी, कुठली नंतर

माझ्या संध्याकाळच्या क्लासला बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची पोरं-पोरी येतात, कुणाचा एमएचा पेपर असतो, कुणाची स्पर्धा परीक्षा. त्यांना मी एक सराव देतो: युद्ध नुकतंच थांबलंय, एक कोटी लोकांचा देश आहे, तीन प्रकारच्या नोटा फिरतायत, बँकांना कुलपं, सांगा पहिल्या दिवसापासून काय काय करणार. पहिल्या खेपेला जवळपास सगळ्यांचं चुकतं आणि एकाच ठिकाणी चुकतं. पहिल्या ओळीत "नवीन नोटा छापू", दुसऱ्या ओळीत "शेअर बाजार सुरू करू म्हणजे परदेशी गुंतवणूक येईल", आणि शिक्षकाचा, पोलिसाचा पगार कुठून द्यायचा हे चार पानांत कुठंच नाही. हीच चूक खऱ्या देशांनी केलीय आणि तिथं लोकांची आयुष्यभराची बचत गेलीय, म्हणून एकदा क्रमानं लिहून ठेवतोय. मी बँकेत कॅश डिपार्टमेंटला बरीच वर्षं काढलीत, त्यामुळं नोटा, पेट्या, मोजणी ह्यावर जरा जास्त बोलणार.

सगळ्या पायऱ्यांना लावायची कसोटी आधी सांगतो. दुकानदार पुढच्या महिन्याची उधारी कुठल्या पैशात लिहून घेतो ते बघा. रोजची भाजी लोक कुठल्याही नोटेनं घेतात, हातात आहे ती खपवायची असते. खरं उधारी लिहिताना माणूस थांबतो, विचार करतो की महिन्यानं हा पैसा किती उरेल. त्या थांबण्यात चलनावरचा सगळा विश्वास आला.

## तयारी: पेन उचलायच्या आधी पाच आकडे

ह्याशिवाय एक ओळ लिहू नका.

पहिला आकडा, किती नोटा फिरतायत आणि त्या कुणी कुणी छापल्यात. युद्धात छापणारे एकापेक्षा जास्त असतात. अफगाणिस्तानात २००२ ला सरकारी नोटा वेगळ्या आणि उत्तरेकडच्या सरदारांच्या वेगळ्या होत्या. बोस्नियात बोस्नियन दिनार, क्रोएशियाचा कुना, युगोस्लाव्ह दिनार आणि वरून जर्मन मार्क, असे चार पैसे एका देशात चालत होते.

दुसरा, सरकारचा महिन्याचा खर्च किती आणि वसुली किती. वर्षाचा आकडा काढू नका, युद्धानंतर वर्ष लांब असतं, महिन्याचाच काढा. तिसरा, परकीय चलन आणि सोनं किती, आणि त्यातलं खरंच हातात किती, दुसऱ्याच्या तिजोरीत अडकलेलं किती. चौथा, किती बँकांच्या खतावण्या शाबूत आहेत. पाचवा आकडा पोरं हमखास विसरतात: गोदामात माल किती आहे, धान्य, तेल, मीठ, कापड.

तपासणी: दुसऱ्या आकड्यात खर्च आणि वसुली यांच्यात जो खड्डा दिसतो तो कशानं भरायचा हे एका वाक्यात लिहिता येतं का? नसेल तर पुढं जाऊ नका.

## १. आधी छापखाना थांबवा

म्हणजे सरकारनं खर्चासाठी मध्यवर्ती बँकेकडून पैसे उचलणं थांबवायचं. ही सगळ्यात कडू पायरी, आणि हिच्याशिवाय पुढची एकही टिकत नाही.

ग्रीसचं बघा. नोव्हेंबर १९४४ ला ५,००० कोटी जुन्या ड्राखमांना १ नवा ड्राखमा असा दर लावून नवीन चलन आणलं. सरकारचा खड्डा तसाच राहिला, तो भरायला परत छपाई, काही महिन्यांत नवा ड्राखमा पण घसरला आणि लोक सॉव्हरिन ह्या ब्रिटिश सोन्याच्या नाण्याकडं वळले. शेवटी जानेवारी १९४६ ला एक चलन समिती नेमली, तिच्यात एक ब्रिटिश आणि एक अमेरिकन सदस्य, त्यांच्या संमतीशिवाय छपाई नाही असं ठरलं, तेव्हा कुठं लगाम बसायला लागला.

जपानचं पण तसंच. फेब्रुवारी १९४६ ला जुन्या नोटा बँकेत भरायला लावल्या, ठेवी गोठवल्या, घरातल्या कर्त्याला महिन्याला ३०० येन आणि बाकी माणशी १०० येन एवढंच काढता यायचं. काही दिवस महागाई थबकली. खरं पुनर्बांधणीसाठी कर्ज वाटणाऱ्या सरकारी संस्थेचे रोखे (कर्जाचे कागद) तिथली मध्यवर्ती बँक, बँक ऑफ जपान, विकत घेत होती, म्हणजे मागच्या दारानं छपाई चालूच, आणि महागाई परत उसळली. १९४९ ला जोसेफ डॉज ह्या अमेरिकन बँकरनं बजेट जुळवायला लावलं, ती कर्जं बंद केली, तेव्हा ती बसली.

उलटं उदाहरण इराकचं आहे आणि मला ते फार मोलाचं वाटतं. उत्तरेकडच्या कुर्दी भागात जुन्या दिनारच्या नोटा चालत होत्या, लोक त्यांना स्विस दिनार म्हणायचे. बगदादनं त्या १९९३ ला बाद केल्या होत्या, म्हणजे त्यांच्या पाठीशी कुठलंच सरकार नव्हतं. तरी दहा वर्षं त्यांनी किंमत धरून ठेवली, फाटक्या, चिकटवलेल्या नोटा लोक सांभाळून वापरत होते, कारण त्या नव्यानं कुणी छापू शकत नव्हतं. दक्षिणेकडं सरकार मागं उभं असून, सद्दामचं चित्र असलेल्या नोटा भरमसाट छापल्या म्हणून त्यांची माती झाली.

अफगाणिस्ताननं २००२ ला हा नियम सरळ शब्दांत घेतला: सरकारला मध्यवर्ती बँकेकडून ओव्हरड्राफ्ट नाही. तुमच्या आराखड्यात पण अशीच एक ओळ पाहिजे, आणि तिच्या खाली खड्डा भरायचा मार्ग: मदतनिधी, सीमेवरची जकात (ही सगळ्यात लवकर वसूल होते), खर्चात कपात.

सावधान: पगार थकवून बजेट जुळवू नका. आमच्याकडं उसाचं बिल थकलं की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, दुकानदाराची उधारी तटते, मग खतवाल्याची, मग शाळेची फी. सैनिकाचा पगार थकला तर त्याच्या हातात बंदूक आहे हे पण ध्यानात ठेवा. कमी माणसं ठेवा खरं ठरलेल्या तारखेला द्या.

## २. कुठला पैसा चालवायचा ते ठरवा

चार वाटा आहेत आणि पोरं त्यातली एकच लिहितात.

जुनंच चलन ठेवून शिस्त लावणं. नवीन चलन आणणं. दुसऱ्या देशाचं चलन घेणं, जसं कोसोवोनं १९९९ ला जर्मन मार्क घेतला आणि पूर्व तिमोरनं २००० ला अमेरिकन डॉलर. आणि चौथी वाट करन्सी बोर्डची, म्हणजे आपल्या नावाचं चलन, खरं तिजोरीत जेवढं परकीय चलन तेवढ्याच नोटा, एक जास्त नाही. बोस्नियानं ही घेतली. शांतता करारातच लिहिलं की सहा वर्षं मध्यवर्ती बँकेला कर्ज देऊन पैसा तयार करायचा अधिकार नाही, आणि पहिला गव्हर्नर आयएमएफ (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) नेमणार, तो बोस्नियाचा किंवा शेजारच्या देशाचा नागरिक नसणार. ऑगस्ट १९९७ ला बँक सुरू झाली, एक परिवर्तनीय मार्क म्हणजे एक जर्मन मार्क. आज युरोशी १.९५५८३ हा दर तिथूनच आलाय.

निवड कशी करायची? आपापसात लढलेल्या गटांना एकमेकांच्या हातातल्या छापखान्यावर भरवसा नसेल तर करन्सी बोर्ड किंवा परकं चलन. प्रशासन शाबूत आणि बजेट आवरता येतंय तर आपलं चलन. परकं चलन घेतलं की ते परत काढणं अवघड जातं हे पण लिहा. कंबोडियात १९७५ ला सत्तेवर आलेल्या ख्मेर रूज ह्या कम्युनिस्ट गटानं पैसाच बंद केला, १९८० ला रिएल परत आला, पुढं १९९२-९३ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेबरोबर डॉलर शिरला तो अजून घरभाड्यात, मोठ्या व्यवहारात बसलाय.

वेळ कमी असेल तर जुन्या नोटांवर शिक्का मारूनही काम भागतं. फाळणीनंतर पाकिस्तानात भारतीय नोटाच चालल्या, मग पाकिस्तान सरकार असा मजकूर वर छापून, आणि ३० जून १९४८ पर्यंत त्यांची मध्यवर्ती बँक म्हणून काम आपल्या रिझर्व्ह बँकेनंच केलं.

## ३. अदलाबदलीचा दर आणि जुनी देणी

शून्यं उडवणं ही सोपी गोष्ट. हंगेरीत १ ऑगस्ट १९४६ ला १ फोरिंट म्हणजे ४ वर २९ शून्यं एवढे पेंगो होते, त्या आधीच्या महिन्यात भाव साधारण १५ तासांत दुप्पट व्हायचे. शून्यं कितीही असू देत, प्रश्न असतो तोटा कुणी सोसायचा हा.

म्हणून तीन वेगळे दर लिहा: हातातली रोकड, बँकेतली ठेव, आणि चालू देणी म्हणजे पगार-भाडं-कर्ज. पश्चिम जर्मनीत २० जून १९४८ ला माणशी ४० नवे मार्क लगेच आणि २० नंतर, पगार-भाडं एकास एक, कर्ज दहास एक, आणि ठेवींचं शेवटी १०० जुन्या मार्काला साडेसहा नवे एवढंच झालं. ज्याच्याकडं घर, कारखाना, शेअर होते तो वाचला, पासबुकवाला बुडाला. ही जखम भरायला १९५२ ला मालमत्तेवर वर्षानुवर्षं भरायचा भार बसवणारा कायदा करावा लागला. तुमच्या आराखड्यात पासबुकवाल्याचं काय, हे पहिल्याच दिवशी लिहा, चार वर्षांनी लिहायला लागू नये.

वेगवेगळ्या नोटांना वेगळा दर लागतो. अफगाणिस्तानात सरकारी १,००० ला १ नवी, उत्तरेच्या नोटांना त्याच्या निम्मा दर. इराकमध्ये सद्दामचा दिनार एकास एक, स्विस दिनारला १५० नवे.

सीमेची सूचना, आपल्या भागातल्यांना लगेच कळेल: पेट्रोलच्या भावात कर्नाटक-महाराष्ट्र फरक पडला की गाड्या कुठल्या पंपावर वळतात ते आपण रोज बघतो. नोटांचं तसंच. एका बाजूला बाद झालेली नोट दुसऱ्या बाजूला चालत असेल तर ती रातोरात तिकडं जाते. पश्चिमेनं मार्क बदलला तेव्हा जुने मार्क पूर्वेकडच्या सोव्हिएत भागात घुसणार हे उघड होतं, म्हणून सोव्हिएत अधिकाऱ्यांना काही दिवसांत जुन्या नोटांवर तिकिटं चिकटवून आपली अदलाबदल उरकावी लागली. चेकोस्लोव्हाकियानं १९१९ ला आधी सीमा बंद केल्या आणि मग नोटांवर तिकिटं लावली. हा क्रम उलटा करू नका.

## ४. नोटा हातात पोचवणं

इथं बहुतेक आराखडे एका ओळीत उरकतात आणि खऱ्या कामात सगळं इथंच अडतं.

हिशोब करा. एक नोट साधारण एक ग्रॅमची धरा. शंभर नोटांचं पाकीट, दहा पाकिटांचं बंडल, म्हणजे एक बंडल एक किलो. एक कोटी लोकांना माणशी ५० नोटा म्हटलं तर ५० कोटी नोटा, ५०० टन. दहा टनी ट्रक घेतला तर ५० खेपा, प्रत्येक खेपेला बंदोबस्त, प्रत्येक ठिकाणी सुकी, कुलूपबंद खोली, दोन किल्ल्या दोन माणसांकडं. पूल तुटलेत, रस्त्यात सुरुंग आहेत. मग तारीख जाहीर करा.

छपाई आधी, घोषणा नंतर. जर्मन मार्क अमेरिकेत छापून गुपचूप आणून ठेवले होते. इराकमध्ये १५ ऑक्टोबर २००३ ते १५ जानेवारी २००४ अशी तीन महिन्यांची मुदत होती. अफगाणिस्तानात बँकांच्या शाखा जवळपास नव्हत्याच, म्हणून नोटा पोचवायला हवालावाल्यांची मदत घेतली. मला हे शहाणपणाचं वाटतं. ज्याच्यावर लोकांचा आधीपासून भरवसा आहे त्याला बरोबर घ्या, वर मोजणी करणारा तुमचा माणूस बसवा.

नेहमीच्या चुका ह्या पायरीवर: सुट्टे कमी छापणं, हे २०१६ ला आपण सगळ्यांनी भोगलंय, हातात दोन हजारची नोट आणि दुकानात तिचं सुटं कुणाकडं नाही. नोटेचा आकार बदलला तर यंत्रं बदलावी लागतात, तेव्हा एटीएम एकेक करून बदलत बसावं लागलं होतं. आणि जुन्या नोटा गोळा झाल्या की तिथल्या तिथं रंग लावून, भोक पाडून निकामी करायच्या, नाहीतर त्याच परत रांगेत येतात.

तपासणी: सगळ्यात लांबच्या गावातल्या, निरक्षर, एकट्या म्हातारीनं नोट बदलायला किती किलोमीटर जायचं? हा आकडा आराखड्यात लिहा. मुदत त्यावरून ठरवा.

## ५. त्याच आठवड्यात माल बाहेर आला पाहिजे

निपाणीची एक पोरगी, घरचं किराणा दुकान, तिनं क्लासात विचारलं, "सर, खरं दुकानदार माल बाहेर कधी काढणार?" बरोबर प्रश्न. जर्मनीत नवीन मार्क आल्यावर दुसऱ्या दिवशी काचेच्या कपाटांत माल दिसला, कारण तिथल्या आर्थिक प्रशासनाचे प्रमुख लुडविग एरहार्ट यांनी बऱ्याच वस्तूंवरचे भावनियंत्रण त्याच वेळी उठवलं. तोवर सिगारेटी हेच चलन होतं. हंगेरीत तर फोरिंटच्या दिवसासाठी माल आधीच साठवून ठेवला होता.

सगळी नियंत्रणं एका रात्रीत काढा असं मी म्हणत नाही. भाकरी, भाडं, औषध ह्यावर काही काळ ठेवावं लागतं. खरं नवीन नोट घेऊन गेलेल्या बाईला रिकामं दुकान दिसलं तर ती नोट तिच्या मनातून तिथंच उतरते.

## ६. बँका उघडणं

आधी तीन ढीग करा: चांगल्या, दुरुस्त होणाऱ्या, बंद करायच्या. बाहेरचा ऑडिटर लावा. कर्जदार मेलाय, कारखाना जळालाय, तरी वहीत कर्ज जिवंत दाखवलंय, ते सगळं लिहून काढा. मग उरलेल्या बँकेत भांडवल घाला.

माझ्या वडिलांची ठेव आमच्या भागातल्या एका पतसंस्थेत अडकली होती. वर्षभरानं पाटी लागली की सगळ्यांचे सगळे पैसे मिळणार. पहाटेपासून रांग, वडील पण डबा घेऊन गेले, दुपारी बारालाच रोकड संपली आणि शटर खाली. पहिल्यांदा बुडाली तेव्हा लोक हळहळले होते, त्या दुपारनंतर कुणी त्या दारात पाय ठेवला नाही. म्हणून पोटतिडकीनं सांगतोय: आठवड्याला थोडेच द्या, खरं दर आठवड्याला द्या. जेवढं सांगितलं तेवढं शेवटच्या माणसापर्यंत पुरलंच पाहिजे.

ठेव विमा लिहिणार असाल तर मर्यादा आणि मुदत दोन्ही लिहा. आपल्याकडं बँकेत माणशी ५ लाखांपर्यंत आहे, २०२० पासून, आणि आरबीआयनं बँकेवर निर्बंध लावले तर ९० दिवसांत पैसे द्यायचे असा कायदा आहे. पतसंस्थांना तो लागू नाही, हे आपल्याकडं अजून बऱ्याच लोकांना माहीत नसतं.

तपासणी: लोक आपणहून पैसे भरायला येतायत का? बोस्नियात २००१ च्या शेवटी जर्मन मार्क जाऊन युरो येणार म्हणून गादीखालचे मार्क बँकेत आले आणि ठेवी एकदम वाढल्या, त्यातल्या बऱ्याच नंतर तिथंच राहिल्या. चार वर्षं दर हलला नव्हता म्हणून हे झालं.

## ७. पेमेंट आणि सरकारी बिलं

एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे जायची सोय आधी, रोखे नंतर. बोस्नियात जुन्या पद्धतीचे पेमेंट ब्युरो होते, तीन भागांचे तीन, सगळा भरणा त्यांच्यातूनच जायचा आणि त्यावर राजकारण्यांचा हात. ते २००१ च्या सुरुवातीला बंद करून काम बँकांकडं दिलं.

मग सरकारनं थोड्या मुदतीची बिलं, म्हणजे काही दिवसांत फेडायच्या कर्जाचे कागद, काढायची. आपल्याकडं ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची असतात, नव्या देशानं २८ दिवसांपासून सुरुवात करावी, छोटी रक्कम, दर आठवड्याला ठरलेल्या वारी लिलाव, आणि परतफेडीला एक दिवसाचा उशीर नाही. अशी दोन वर्षं गेली की वर्षाचं बिल, मग तीन वर्षांचा रोखा. पहिल्याच झटक्यात दहा वर्षांचा रोखा काढला तर घेणारा एकतर कुणी नाही किंवा व्याज असं मागतो की फेडताना कंबर मोडते.

सावधान: दर टिकवण्यासाठी व्याज चढं ठेवत जाणं हे औषध नाही. लेबनॉननं यादवीनंतर आपला पाउंड डॉलरला १,५०७.५ वर बांधला, १९९७ ते २०१९ हललाच नाही. तो धरायला बाहेरून डॉलरच्या ठेवी चढ्या व्याजानं ओढत राहिले. ज्या दिवशी नव्या ठेवी आटल्या त्या दिवसापासून लोकांना स्वतःच्याच खात्यातले डॉलर मिळेनात. बावीस वर्षं स्थिर दिसणारा दर म्हणजे विश्वास असं समजू नका, तो कशावर उभा आहे ते विचारा.

## ८. शेअर बाजार सगळ्यात शेवटी

ह्यावर थोडक्यात. टोकियोचा बाजार १६ मे १९४९ ला उघडला, डॉलरला ३६० येन हा दर ठरल्यावर तीन आठवड्यांनी. बैरूतचा १९९६ ला, इराकचा जून २००४ ला, तोही आधी पांढऱ्या फळ्यांवर मार्करनं भाव लिहून. कंबोडियात पहिली कंपनी लिस्ट झाली २०१२ ला, ती नॉमपेनची पाणीपुरवठा संस्था होती. रिएल परत येऊन तेव्हा ३२ वर्षं झाली होती.

उघडायच्या आधी एवढं पाहिजे: शेअर कुणाच्या नावावर आहे ह्याची एकच नोंदवही (युद्धात कागद जळतात, एका शेअरचे दोन मालक उभे राहतात), दोन-तीन वर्षांचे ऑडिट झालेले ताळेबंद, पैसे आणि शेअर एकाच वेळी हात बदलतील अशी सेटलमेंट, आणि वाद झाला तर निकाल देणारं कोर्ट. पहिल्या कंपन्या वीज, पाणी, सिमेंट अशा घ्या, ज्यांचं गिऱ्हाईक लोकांना डोळ्यांनी दिसतं. परदेशी पैसा आत यायला सोपा ठेवा, खरं रातोरात बाहेर जाणारा थोड्या मुदतीचा पैसा पहिली काही वर्षं अडवून ठेवा.

## वही जमा करायच्या आधी

शेवटच्या पानाच्या मागं एका किराणा दुकानाची उधारीची वही काढा. पहिला महिना, तिसरा, सहावा, बारावा आणि चोविसावा, असे पाच रकाने. प्रत्येक रकान्यात लिहा की त्या महिन्यात दुकानदार उधारी देतोय का, किती दिवसांची देतोय, आणि आकडा कुठल्या चलनात मांडतोय. ज्या रकान्याला तुमचा हात थांबेल त्याच्या आधीची पायरी कच्ची आहे, तिथं परत जा आणि ती परत करा.